बोलता बोलता ऐकणारं यंत्र

मास्तर,

परवा यवतमाळच्या दवाखान्यात माझे कान तपासले. सुनेचं म्हणणं, मला हल्ली कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. ऐकू येते, मी उठत नाही, ही गोष्ट वेगळी. तरी गेले. तिथे एका पोरीने मला कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, दार लावलं, कानावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. "आजी, आवाज आला की दाबा." आवाज बारीक होत गेला, मग आणखी बारीक, मग आहे की नाही असा. मी दाबत गेले. शेवटी ती दार उघडून म्हणते, "आजी, मशीन बंद केल्यावरही तुम्ही एकदा दाबलं." मी म्हटलं, "बंद करतानाचा खट् ऐकला, मंग दाबू नाही तं काय करू?" ती हसली. मला हसू आलं नाही. त्या हेडफोनच्या उशीला घामाचा वास होता, आणि मी एकदम तुमच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. तिथून उठून मला वीस वर्षं उलटली. तुम्हाला जाऊनही जवळजवळ तेवढीच.

पत्र लिहायचा मला सराव नाही. दुसरीत शाळा सुटली, मग अक्षरं तुमच्याकडेच परत गिरवली, त्यामुळे काना-मात्रा चुकली तर निम्मा दोष तुमचा. नातीच्या वहीची मागची पानं घेतली आहेत. ती विचारते, "आजी, काय लिहून राह्यली?" मी म्हणते, "तुह्या बापाच्या चुका." मग ती एक पान आणखी फाडून देते.

तुमच्याकडे मी आले ती जिनिंग बंद पडल्यावर. तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही काहीच विसरत नव्हते, फक्त जेवायचं सोडून. कापसाचे दिवसच तसे होते. हंगामात आर्णीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची, ती दरवर्षी आखूड होत गेली, आणि एक दिवस मालकाने सांगितलं की उद्यापासून भोंगा वाजणार नाही. मी तिथे अठरा वर्षं कापूस निवडला. सरकीचा तुकडा, वाळकी पत्ती, किडकी कवडी, पाखराचं पीस, हे सगळं डोळ्यांनी नाही, बोटांनी काढायचं. डोळे शेजारणीशी भांडायला मोकळे. या बोटांचं पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून तुमच्याकडे झाडपूस आणि दोन वेळचा स्वयंपाक धरला. तारखात्यातून निवृत्त झालेला एकटा माणूस, दाराशी कडुनिंब, भिंतीवर बाबासाहेब आणि घड्याळ. आमच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, "त्याहीच्या घरी काम करतं का वो तू?" मी म्हटलं, "तुमच्या घरी ठेवता का मले?" तरी खोटं कायले लिहू, पहिले दोन महिने मी माझं पाणी माझ्या बाटलीत घेऊन येत होते. तुम्ही ती बाटली पाहिली, बोलले काही नाही. वैशाखात एक दिवस ती संपली आणि मी तुमच्या माठातलं पाणी प्याले. तेव्हाही तुम्ही काही बोलले नाही. माझ्या तोंडाला तोंड देणारे गावभर होते. तुम्ही न बोलून उत्तर द्यायचे, ते जास्त झोंबायचं.

मागच्या खोलीत तुमचे रेडिओ. मला आधी वाटलं दुरुस्तीचं दुकान आहे. मग कळलं, तुम्ही हॅम. परीक्षा देऊन, लायसन काढून स्वतःच्या सेटवरून बोलणारा माणूस. मी विचारलं, "याचे पैसे भेटतात का?" तुम्ही म्हटलं, नाही. "मंग कायले बोलता?" तुम्ही म्हटलं, "कोणी ऐकतं का ते पाहायला." मला वाटलं, म्हातारा गेला कामातून. आणि वर तुम्ही मला बजावलं, "बाई, या खोलीत तुम्ही झाडा, पुसा, हवं तेवढं ऐका. पण ते बटण दाबून बोलायचं नाही. बोलायला लायसन लागतं." आमच्या घरच्यांना हे सांगितलं तेव्हा माझा पोरगा पोट धरून हसला. म्हणाला, "माय, असा कायदा आपल्या घरी कधी लागते वो?"

टेकडीवर पाण्याच्या टाकीजवळ एक खोली होती, त्यात तुम्ही आणि तुमच्या नागपूरच्या मित्रांनी रिपीटर बसवला होता. टेकडीपलीकडच्या खोऱ्यात जे गाव आहे तिथे फोन नव्हता, मोबाइलचं तर नावच नको. तिथल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईला तुम्ही मागे लागून परीक्षा द्यायला लावली आणि हातात मावणारा एक सेट दिला. तिचा आवाज खोऱ्याबाहेर येत नव्हता. तो टेकडीवरच्या रिपीटरने ऐकायचा, आणि ऐकता ऐकताच मोठ्या आवाजात पुढे बोलायचा, म्हणजे तो इथे आर्णीत तुमच्या खोलीत उमटायचा, आणि तुम्ही फोन उचलून दवाखान्याला गाडी पाठवायला सांगायचं. एवढं साधं काम. त्याच गावात माझ्या पोराची सासुरवाडी. जिनिंग गेल्यावर तो तिकडे फवारणीच्या रोजाने जायला लागला होता, म्हणून मला ते गाव झाडूच्या टोकापेक्षा जवळचं वाटायचं.

त्या वर्षी अळी कोणत्याच औषधाचं ऐकेना. लोक दोन औषधं एकत्र करून फवारत, मग तीन करत, उघड्या अंगाने, दुपारच्या उन्हात. पोळा होऊन आठवडा झाला होता. मी स्वयंपाकघरात जवसाची चटणी कुटत होते. मागच्या खोलीतून आवाज यायला लागला. हॅ, खट्. हॅ, खट्. हॅ, खट्. मी ओरडले, "मास्तर, सेटमधी पाल अडकली काय पाहा." मी येऊन पाहिलं तर तुम्ही सेटसमोर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि तोंड असं की मी मुसळ हातातच घेऊन उभी राहिले. तो आवाज बराच वेळ चालला. मग थांबला.

दोन दिवसांनी नर्सबाई एसटीने आली. ओट्यावर बसली, चहा प्याली. म्हणाली, "मास्तर, मी चाळीस मिनिटं बोलून राह्यली होती. फवारणीतला माणूस होता. बैलगाडीत टाकून डांबरी रस्त्यावर आणला तवा दिवस बुडाला होता." पुढचं तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. जाताना तिने तो हातातला सेट ओट्यावर ठेवला. तुम्ही तो उचलून परत तिच्या पिशवीत घातला.

ती गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला सगळं समजावलं. मला काहून, ते मला कळलं नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून असेल. रिपीटरला एकच अँटेना. त्याच काठीने तो ऐकतो आणि त्याच काठीने बोलतो, आणि दोन्ही एकाच क्षणी. ऐकायचा सूर वेगळा, बोलायचा वेगळा, पण दोघांत अंतर अगदी थोडं. नर्सबाईचा आवाज आला की तो बोलायला तोंड उघडणार, आणि तोंड उघडताच स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान बसणार. कान बसले की बोलणं बंद. बोलणं बंद झालं की परत ऐकू येणार. परत तोंड उघडणार. हॅ, खट्. मी म्हटलं, "असे तं आमच्या आळीत लय आहेत." तुम्ही हसले नाही. म्हणाले, "बाई, समजा जिनिंगचा भोंगा तुमच्या कानाशी वाजतो आहे. आणि त्याच वेळी मैलभर लांब कोणीतरी जमिनीवर कापसाचं बोंड ठेवलं. त्या ठेवण्याचा आवाज तुम्हाला ऐकू आला पाहिजे." मी म्हटलं, "देवालेही नाही येत." तुम्ही म्हटलं, "डुप्लेक्सरला येतो."

मास्तर, मी आयुष्यात फार कमी गोष्टींपुढे गप्प बसले आहे. त्या दिवशी मी भाकरी टाकायच्या विसरले.

टेकडीवरचा जुना त्या पावसाळ्यात निकामी झाला होता, म्हणून तुम्ही नागपूरला जाऊन दुसरा डुप्लेक्सर घेऊन आले. चार लांब डबे, मांडीएवढ्या उंचीचे, डोक्यावर एकेक दांडी, दांडीला नट, आणि एकाला एक जोडणाऱ्या मोजून कापलेल्या तारा. एसटीच्या कंडक्टरने तुम्हाला विचारलं होतं, "काका, दूध कोणत्या डेअरीचं?" दोन डबे कानाकडे, दोन तोंडाकडे. कानाकडच्यांनी ऐकायचा सूर आत सोडायचा आणि बोलायचा सूर दारातच अडवायचा. तोंडाकडच्यांनी उलट. प्रत्येक डब्याला त्याचा सूर शिकवावा लागतो, डोक्यावरची दांडी केसाकेसाने वरखाली करून. तुम्ही अकरा दिवस बसले. तुमच्या हातांना तेव्हा कंप सुरू झाला होता. चहाची बशी वाजायची, मी मुद्दाम भांडी आपटायची म्हणजे ती ऐकू येऊ नये. तुम्ही डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे, श्वास रोखायचे, दांडी फिरवायचे, आणि नट आवळताना हात हलला की सगळं परत पहिल्यापासून. अकराव्या दिवशी तुम्ही म्हणाले, "झाले." आणि तिथेच, खुर्चीत, भरल्या ताटासमोर झोपले. नवमीच्या सकाळी तुम्ही दरवर्षीसारखे पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीला नागपूरला गेले. आल्यावर डबे टेकडीवर चढवायचे होते, दुसऱ्या फवारणीच्या आत.

आता मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, पण काहून केलं ते मी कधी नीट सांगितलं नाही. जिनिंगमध्ये खंडेनवमीला आम्ही सगळे रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, खोलून पुसायचो, तेल द्यायचो, हळदकुंकू लावायचो, झेंडूचा हार घालायचो. हत्याराची पूजा न करता दसरा गेला तर वर्षभर ते हत्यार हातावरच उलटतं, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. तुम्ही पूजा करत नव्हते, मला ठाऊक होतं. पण मी पाहिलं होतं तुमच्या हातांचं काय चाललंय. मला वाटलं, त्यांच्यात नसेल करत, आपण करून टाकू, त्यांना कायले कळते. तुमच्या पेटीतला पाना घेतला. नट सैल केले, दांड्या उपसल्या, झाकणं काढली. आत पाहते तर काळपट. मी म्हटलं, बाई बाई, एवढा शिकलेला माणूस आणि भांडी अशी! चिंच भिजवली, चुलीची राख चाळून घेतली आणि चारी डबे आतून बाहेरून घासले. सूर्य दिसला पाहिजे असे घासले. परत जोडले, ओळीने मांडले, हळदकुंकू, झेंडू. दसऱ्याला आमच्या दारातही एवढं तेज नव्हतं.

तुम्ही एकादशीला दुपारी परत आले. हातात पिशवी, खांद्यावर पंचा, चेहरा निवांत, जसा तिथून आल्यावर दरवर्षी असायचा. खोलीत गेले. मी मागे उभी, शाबासकी ऐकायला. तुम्ही पहिल्या डब्याचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं, बोटाला राख. मग म्हणाले, "बाई, यात तुम्ही काय शिजवणार होतात?"

बस, एवढंच. मी फणकारले, "काळे पडलेते म्हणून घासले. हत्यार घासल्याने कोणाचं काय बिघडते?" तेव्हा तुम्ही सांगितलं, ते काळं म्हणजे चांदी. आतून चांदीचा पातळ मुलामा, तो काळा पडला तरी त्याचं काम तो करतो. आणि दांड्या जिथे होत्या ती जागा म्हणजे अकरा दिवस. तुम्ही आवाज चढवला नाही. खुर्चीत बसले आणि तुमचे दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते हलत होते. तुम्ही त्यांच्याकडे असं पाहत होते जसं दुसऱ्या कोणाचे असावेत. मला कळलं की हे आता परत होणार नाही, निदान त्या हातांनी नाही. आणि फवारणी आठ दिवसांवर होती, आणि माझा पोरगा खोऱ्यात.

मी म्हटलं, "दाखवा. मी करतो." वऱ्हाडी बाई रागात असली की बाप्यासारखं बोलते, त्याला इलाज नाही.

तुम्ही म्हणाले, "तुम्हाला आकडे वाचता येत नाहीत." मी म्हटलं, "कापसातली कवडी मी वाचून काढत होते काय?" तेव्हा तुम्ही ती नागपूरची पिशवी उघडली. आत एक अंकलिपी होती, तिथल्या दुकानांतून माझ्यासाठी आणलेली. मोठी अक्षरं, हत्तीचं चित्र. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पाणी रागाचंच होतं, तुम्ही दुसरं काही समजला असाल तर चूक.

डिस्टिल्ड पाण्याने डबे धुतले, उन्हात नाही, सावलीत वाळवले. एका डब्याचा मुलामा बराच गेला होता. तुम्ही म्हणाले, तो त्यातल्या त्यात सोप्या जागी लावू. मग तुम्ही एका पेटीतून सूर सोडायचे, मी हेडफोन लावून ऐकायची. आधी ऐकायचा सूर. दांडी फिरवत जायची आणि काटा जिथे सगळ्यात वर जातो तिथे थांबायचं. हे सोपं होतं, दोन तासांत आलं. मग दुसरा सूर, अडवायचा. तो हेडफोनमध्ये कर्णा लागल्यासारखा कोकलत होता. "आता याला घालवा," तुम्ही म्हणाले.

मी दांडी फिरवली. कोकलणं चालूच. आणखी फिरवली. जरा कमी झालं. आणखी, केसाएवढी. आणि मास्तर, तो सूर पडला. विहिरीत बादली सुटावी तसा पडला. खाली, आणखी खाली, मग नुसतं फस्स, आणि मग तेही नाही. मी श्वास सोडला, तेवढ्याने हात हलला, आणि तो परत वर आला. मी परत गेले. त्या विहिरीचं तोंड केसाएवढं होतं. डोळे मिटले की मला तिचा काठ बोटांना लागायचा. डब्यात काही नाही, मास्तर. मीच तो घासला होता, मला ठाऊक होतं आत काय आहे. मध्ये एक नळी आणि बाकी रिकामं. त्या रिकाम्या जागेला ठाऊक होतं कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही. मी देवळात खूप गेले आहे. अंगावर काटा मला त्या दिवशी तुमच्या मागच्या खोलीत आला.

पण नट आवळला की तळ सरकायचा. पहिले दोन दिवस असेच गेले. पकडला, आवळला, गेला. तुम्ही बाजूला बसून म्हणायचे, "परत." मी म्हणायची, "तुमचा नट नालायक आहे." "परत." तिसऱ्या दिवशी भाकरी भाजताना ध्यानात आलं. भाकर पूर्ण झाल्यावर कोणी काढत नाही. जरा आधी काढतो, उरलेली ती आपल्याच वाफेवर होते. मी हात धुतले न धुतले, तशीच आले. तळाच्या जरा अलीकडे थांबले आणि नट आवळला, आणि नटानेच ओढून दांडी तळाला नेऊन बसवली. शांत. पूर्ण शांत. तुम्ही हेडफोनचं एक टोक आपल्या कानाला लावलं. काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे मी कोणाला तीस वर्षांत शिकवू शकलो नव्हतो." मी म्हटलं, "तुम्ही कुठं शिकवलं? तव्यानं शिकवलं. आणि तिकडे भाकर जळून राह्यली."

चौथ्या दिवशी शेवटची परीक्षा. यंत्राचं सगळं बोलणं एका जाड डब्यात जिरवायचं, म्हणजे ते बाहेर कोणाला ऐकू जात नाही. तुम्ही म्हणाले, "बाई, असा एक तुमच्यासाठीही करून देतो." तेवढ्या दिवसांतली तुमची ती पहिली थट्टा. मग इतका बारीक सूर सोडला की तो त्या फस्स आवाजातच बुडालेला. माझ्या कानात तो होता, कापसात केस असावा तसा. तुम्ही यंत्राला बोलतं केलं. सूर हलला नाही. बंद केलं. हलला नाही. परत चालू. तो तसाच, केसासारखा. शेजारी भोंगा वाजत होता आणि मी मैलभर लांब ठेवलेलं बोंड ऐकत होते.

टेकडीवर डबे चढवायला तुमचे दोन मित्र आले. तिथे दुपारी पत्र्याखाली खोली तापली आणि एक डबा जरासा सरकला, तो मी तिथेच पुन्हा बसवला. त्यातल्या एकाने तुम्हाला विचारलं, "सर, तुम्ही इतकं अचूक जमवलं कसं?" तुम्ही माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "मी झाडू मारतो," आणि खरंच झाडू घेऊन खोली झाडायला लागले. तुम्ही मान हलवली, पण त्यांच्यासमोर मला खोटं पाडलं नाही.

सात दिवसांनी, दुपारी. मी कणीक मळत होते. सेटमधून आवाज आला, आणि तो हॅ-खट् नव्हता, नर्सबाई होती, माझ्या शेजारी उभी असल्यासारखी. तिच्यामागे कोंबडी ओरडत होती, तीही ऐकू आली. ती म्हणाली, फवारताना माणूस पडला, तोंडाला फेस आहे, शुद्ध नाही, गाडी पाठवा. तुम्ही फोन उचललाच होता. मग ती म्हणाली, "गावातला नाही, मास्तर. बाहेरगावचा आहे, रोजानं आलेला. नाव विचारून सांगतो."

तिने बटण सोडलं. रिपीटर बोलणं संपल्यावरही दोन क्षण तोंड उघडं ठेवायचा, नुसता श्वास. मग तोही मिटला. तुम्ही फोनवर दवाखान्याला रस्ता सांगत होते. माझे हात कणकेने भरलेले. बाहेरगावचा, रोजानं आलेला. माझा पोरगा सकाळच्या एसटीने तिकडे गेला होता.

मग ती परत आली. नाव सांगितलं. राजूरकडचा कोणी होता. कोळशाच्या खाणीत काम मिळालं नाही म्हणून इकडे आलेला. गाडी वेळेत पोचली. तो जगला. महिन्याभराने तो एक कोहळं घेऊन तुमच्या दारात आला. तुम्ही म्हणाले, यांना द्या. मी ते घेतलं आणि त्याला म्हटलं, "तोंडाले फडकं बांधून फवारत जा." त्याच्याकडे मी नीट पाहिलं नाही. तुम्ही नंतर विचारलं होतं, काहून पाहिलं नाही. मी म्हटलं होतं, "कोहळं पाहून राह्यली होती, आतून सडकं निघते कधी कधी."

मास्तर, नाव येईपर्यंत जो वेळ गेला, त्यात मला वाटलं होतं की ते यंत्र बहिरं राहिलं असतं तर बरं झालं असतं. मी बसवलेलं. माझ्या बोटांनी. तो माणूस तिथे पडलाच असता, माझा असता नाही तर कोणाचाही, पण मला संध्याकाळपर्यंत कळलं नसतं, आणि तेवढ्यात माझी कणीक मळून झाली असती. आणि राजूरचं नाव ऐकल्यावर मी देवाचे आभार मानले. त्या माणसाच्या जिवासाठी नाही. तुम्ही फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे," आणि तुमचे हात त्या वेळी अजिबात हलत नव्हते, मी पाहिलं. मनात काय येऊन गेलं ते मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हटलं, "चहा टाकते," आणि आत गेले.